वासाने औषध मरतं

मला नाक आहे ते चेहऱ्यावर शोभेला. आत काही उरलेलं नाही. बाम बनवायच्या कारखान्यात डब्या भरायच्या कामाला लागले तेव्हा पहिलं वर्षभर डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायचं, मग डोकं दुखायचं, आणि मग एक दिवस सगळं शांत झालं. कापूर, निलगिरी, पुदिन्याचा अर्क, सगळं गरम होऊन नळीतून आमच्या टेबलापर्यंत येतं आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, तुमचं नाक गेलं. जसं काही ते गावाला गेलंय आणि चार दिवसांनी परत येणार आहे.

लोकांना मात्र माझा वास येतो. कितीही अंग घासा, जात नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्याची सर्दी माझा थांबा येईपर्यंत मोकळी होते. माझ्या बहिणीचा नवरा मला बामताईच म्हणायचा. मी कधी मनावर घेतलं नाही. राग नाकावर असतो म्हणतात, माझं नाकच गेलेलं.

घरात माझं नाक म्हणजे धाकटी. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, आम्हीच दोघी एकमेकींना. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, कपाटातल्या गाद्यांना कुबट वास येतोय का, हे सगळं ती मला सांगायची. मी भांडं तिच्या तोंडासमोर धरायची आणि विचारायची, वास येतोय का गं? ती हुंगून मान हलवायची, आणि तिने मान हलवली की विषय संपला. लग्न होऊन गेली तरी रविवारी यायची ती आधी चप्पल काढून माझ्या स्वयंपाकघरात शिरायची, हुंगत हुंगत एकेक डबा उघडायची आणि निम्मं सामान कचऱ्यात टाकायची. ताई, तू एक दिवस विष खाऊन मरशील, म्हणायची. मी म्हणायची, तू आहेस ना.

तिची सासू त्या गल्लीत डॉक्टरीणबाई म्हणून ओळखली जायची. खरा डॉक्टर तिचा नवरा, होमिओपॅथीचा. तो वारला, त्याचं काचेचं कपाट राहिलं, आणि त्याच्या हाताखाली पुड्या बांधून बांधून बाईंना जे काय येत होतं ते राहिलं. पुढच्या खोलीत कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या. कपाटात तपकिरी बाटल्यांच्या रांगा, साबुदाण्याच्या गोळ्यांच्या. खालच्या कप्प्यात बडीशेप, मेथी, सुंठ आणि कसल्या कसल्या मुळ्या, काढ्यासाठी. बाळंतिणींसाठी तर बाईंचा हातखंडा. टाके दुखत असले तर ही गोळी, दूध उतरत नसलं तर ती, उगाच रडू येत असलं तर तिसरी, आणि वरून काढा.

खोटं कशाला बोलू, बायकांना बरं वाटायचं. मोठ्या दवाखान्यात कोणी मान वर करून बघत नाही. डॉक्टरीणबाई समोर बसवून तासभर ऐकायच्या. तहान लागते का, पांघरूण घ्यावंसं वाटतं की फेकावंसं वाटतं, नवरा जवळ आला तर राग येतो का. ओल्या बाळंतिणीला असं कोण विचारतं? रडत आलेल्या बायका डोळे पुसून हसत घरी जायच्या. बाई लबाड नव्हत्या. लबाड असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या देवाच्या आज्ञेसारखा पाळायच्या. वासाने औषध मरतं. त्या घरात लसणाची फोडणी नाही, कॉफी नाही, पुदिन्याची टूथपेस्ट नाही, अत्तर नाही. गोळ्या हातात घ्यायच्या नाहीत, बाटलीच्या झाकणात घेऊन सरळ जिभेवर टाकायच्या. आणि सगळ्यांत मोठा शत्रू कापूर. म्हणजे मी.

लग्नाच्या बोलणीच्या वेळी मी त्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा बाईंनी मुलीकडे बघायच्या आधी कपाटाचं दार लावलं होतं. आम्ही दोघी बहिणी त्यावर कितीतरी वर्षं हसलो.

धाकटी बाळंत झाली ती दवाखान्यातच. मुलगी झाली, तीही लगेच रडली, सगळं नीट. घरी सोडताना पाकीटभर गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्या बाईंनी फ्रिजवर ठेवून दिल्या. या गोळ्या रोग आत दाबतात, म्हणाल्या, आपल्याला तो बाहेर काढायचाय. धाकटीला पटलं. सासूवर तिचा जीव होता. आई नव्हती ना तिला, आणि ही बाई रोज स्वतःच्या हाताने तिचे पाय चेपायची, केस विंचरायची, काढा गार करून चमच्याने पाजायची. मला कधीकधी त्या दोघींचा हेवा वाटायचा.

मला खोलीत जायची परवानगी नव्हती. बाईंनी मला दारातच थांबवलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "राग मानू नकोस, पण तू म्हणजे चालतीफिरती कापराची वडी आहेस. तिचं औषध मरेल." मी आंघोळ करून यायची, त्यांच्याच घरातले कपडे घालायची, तरी उंबऱ्याच्या अलीकडे स्टूल. मी पाहुण्यासारखी स्टुलावर बसून पलंगावरच्या बहिणीशी बोलायची. पहिल्या दिवसांत आम्हाला त्याचीही मजा वाटली. ती बाळाचं डोकं हुंगायची आणि मला सांगायची. ताई, काय सांगू तुला, कोमट दुधाचा, नव्या कापसाचा, आणि अजून एक कसला तरी, त्याला नावच नाही. मी म्हणायची, नाव शोधून ठेव, पुढच्या वेळी सांग.

मग तिला ताप आला.

कमरेत कळा यायला लागल्या, ओटीपोट दुखायला लागलं, अंगावरून जायचं कमी झालं होतं ते परत वाढलं. मला कळलं तेव्हा मी कारखान्यातून तशीच धावत गेले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला होता. औषध लागू पडलंय, म्हणाल्या. आधी वाढतं, मग उतरतं, हाच तर नियम आहे. आतली घाण बाहेर पडतेय, पडू दे. मी विचारलं, दवाखान्यात दाखवून आणूया का? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली जशी मी पिकत आलेला आंबा दगड मारून पाडायला निघालेय. आता मध्येच थांबवलं तर सगळं परत आत जाईल, म्हणाल्या. धाकटीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा, नाकासमोर चालणारा माणूस, आईने सांगितलं की त्याच्यापुढे विचार नाही. तो म्हणाला, आईला कळतं त्यातलं.

त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बाई खोलीतून बाहेर आल्या त्या नाक मुरडत. खोलीत कसला तरी वास येतोय, म्हणाल्या. कोणी आणलाय? असल्या वासात औषध कसं टिकणार? आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कोणाकडे बघणार? मी स्टूल उचलून दोन पावलं मागे सरकले. आत धाकटी पलंगावर बसली होती आणि तिचा चेहरा एकदम लाल झाला. मला वाटलं, माझी बाजू घेता येत नाही म्हणून तिला वाईट वाटलं.

तिथून पुढे मी जाईन तेव्हा दोरीवर चादरी वाळत असायच्या. ताप अंगात असताना ही पोरगी न्हाणीघरात स्वतःच्या हाताने धुणं धुवायची. बाळाने ओलं केलं, म्हणायची. बाईंनी धुवायला मागितलं तरी द्यायची नाही. नवऱ्याला बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं. सासूने पाय चेपायला हात पुढे केला की म्हणायची, आता बरं वाटतंय, तुम्ही पेशंट बघा. खिडकी सताड उघडी. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. डोळे शाबूत आहेत माझे.

एकदा दुपारी बाई कोणा बाळंतिणीच्या घरी गेल्या होत्या. धाकटीने मला हाताने खूण केली, आत ये. मी उंबरा ओलांडला. तिने मला मिठी मारली ती सोडेचना. तव्यासारखी तापली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मग, जुनी सवय, तिलाच विचारलं, "वास कसला येतोय म्हणते गं तुझी सासू?"

ती मागे झाली. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मी चेहऱ्यांवरून वास ओळखते, दुसरं करणार काय, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"काही नाही गं ताई," ती म्हणाली. "कुठे येतोय?"

तिने मान हलवली आणि विषय संपला. आयुष्यभर असाच संपत आला होता.

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता रिक्षा आणते, दवाखान्यात जाऊ. ती घाबरली. नको, तिथे उघडं करून बघतील, म्हणाली. मी म्हटलं, बाळंतपणात नाही का बघितलं? तेव्हाचं वेगळं, म्हणाली, आणि रडायला लागली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, तुझ्याकडे डबी असेल ना, कमरेला लावायला दे. माझ्या पिशवीत कायम एकदोन असतात. मला त्या बाटल्यांचा रागच होता, आणि मनातून बरंही वाटलं, की शेवटी माझ्याकडे काहीतरी मागितलं. मी डबी तिच्या उशीखाली सरकवली. बाई यायच्या आत स्टुलावर येऊन बसले.

डबी सापडायला वेळ लागला नाही. आंधळ्यालासुद्धा सापडली असती, खोलीभर कापूर दरवळत होता म्हणे. बाईंनी माझ्यावर आवाज चढवला नाही. म्हणून ताप उतरत नव्हता, म्हणाल्या. मी इथे जिवाचं रान करतेय आणि ही मागल्या दाराने विष आणून देतेय. जुन्या सगळ्या पुड्या फेकून दिल्या आणि औषध पहिल्यापासून सुरू केलं. पहिल्या पुडीपासून. पुन्हा आधी वाढणार, मग उतरणार.

मी भांडले. नाही असं नाही, गल्ली गोळा होईल एवढं भांडले. ताप चढला तर औषध लागू पडलं, उतरला तर औषधाने उतरला, आणि चढउतार काहीच धड नाही तर वास. मी म्हटलं, तुमचं औषध कधी हरतच नाही का हो? मेहुण्याने मला दाराबाहेर काढलं आणि हात जोडून म्हणाला, ताई, थोडे दिवस येऊ नका. आत धाकटी एक अक्षर बोलली नाही. मला तिचा एवढा राग आला की मी खरंच गेले नाही. फोन मात्र रोज करायची. बरी आहे, म्हणायची. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

फोन शेवटी मेहुण्याचाच आला, कारखान्यात, डब्यांची झाकणं लावत होते तेव्हा. ती काहीबाही बोलतेय, म्हणाला. आईला ओळखत नाहीये. मी ॲप्रन अंगावर तसाच ठेवून टॅक्सी केली, त्यांच्या दारात उभी केली, आणि कोणाला न विचारता तिला उचलून घेतलं. हलकी झाली होती. बाई दारात आडव्या आल्या नाहीत. त्या बाळाला छातीशी धरून कपाटापाशी उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, दोनच दिवस अजून, दोनच दिवस.

टॅक्सीत मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, मेहुणा पुढे. बाहेर चांगलीच थंडी होती, आणि ड्रायव्हरने आपल्या बाजूची काच खाली केली. मग पलीकडची पण करायला सांगितली. मग मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि बाहीने नाक झाकलं. मला शरम वाटली. मी म्हटलं, माफ करा हो दादा, माझा वास आहे, बामच्या कारखान्यात असते.

त्याने मान परत रस्त्याकडे वळवली. धाकटीने डोळे उघडले. त्या वेळी ती पूर्ण शुद्धीवर होती, ही शपथ घेऊन सांगते.

"ताई, तुझा नाही," ती म्हणाली. "माझा आहे. तुला येत नाही म्हणून तुलाच तेवढी जवळ घेतली."

मला काही कळेना. मी तिचे केस मागे सारत होते.

"माझ्याच वासाने औषध मरत होतं," ती म्हणाली. "खूप धुतलं गं. जातच नव्हता."

त्यानंतर ती बोलली ती नुसती बडबड, आईशी आणि दुधाच्या भांड्याशी.

दवाखान्यात तिला टेबलावर घेतलं आणि नर्सने चादर उचलली. मी नर्सच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती एक पाऊल मागे गेली, मास्क वर ओढला, आणि दुसरीला हाक मारली. दुसरी आली, तिने दारातच तोंड फिरवलं. तेव्हा मला माझ्या बहिणीचा वास आला. असाच येतो मला, दुसऱ्यांच्या तोंडावरून. इतके दिवस एकही तोंड तिने माझ्यासमोर स्वतःच्या जवळ येऊ दिलं नव्हतं.

आत वारेचा तुकडा राहिला होता, तो सडला आणि विष रक्तात गेलं. डॉक्टर वयाने लहान होती, दमलेली होती. तिने मेहुण्याला एकच प्रश्न विचारला, वास केव्हापासून येत होता? त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"वास बामाचा येत होता," तो म्हणाला.

धाकटी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

माणसं भेटायला आली तेव्हा डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता. नाटक नव्हतं ते, त्यांची पोटची पोर गेल्यासारखंच त्यांना झालं होतं. आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत होत्या, औषध अगदी बरोबर लागू पडलं होतं हो, ताप वर आला होता, दोन दिवसांत उतरला असता. पण वासाने मारलं. प्रत्येकजणी माझ्याकडे बघून नजर वळवत होती. मी ओरडून सांगायला हवं होतं की पोरीने लाजेपायी जीव दिला, या नियमापायी दिला. पण ज्या गोष्टीसाठी ती एवढी धुवत बसली, ती चारचौघांत मी उघडी कशी करू? मी गप्प राहिले आणि माझ्या गप्प बसण्याचा सगळ्यांनी सोयीचा अर्थ लावला.

मग मी कामावर जायला लागले. घरी आले की दूध तापवायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. नासलं असेल का? कोणाला विचारणार? ओतून द्यायची.

एका संध्याकाळी कारखान्यातून निघाले ती सरळ त्यांच्या घरी गेले. आंघोळ नाही, कपडे बदललेले नाहीत. बाळाला बघायचं, एवढंच मनात होतं. पुढच्या खोलीत खुर्चीवर एक पोरगी बसली होती, पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले. समोर डॉक्टरीणबाई. कपाट उघडं. बाई तिला अगदी मायेने सांगत होत्या, घाबरायचं नाही, मी आहे ना. फक्त घरात वास नको हं कसला. वासाने औषध मरतं.

ती पोरगी मान हलवत होती. धाकटीसारखीच, शहाण्या मुलीसारखी.

मी पिशवीतून डबी काढली. झाकण उघडलं, दोन बोटं भरून घेतलं आणि कपाटाच्या दारावर फासलं. मग आतल्या फळ्यांवर, मग बाटल्यांवर, एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर. बाईंनी माझा हात धरला, मी तो झटकला नाही, त्यांच्या हातासकट फासत राहिले. डबी संपली तेव्हा दुसरी उघडली. ती पोरगी उठून भिंतीला चिकटली होती, ओढणीने नाक धरून.

मी तिला म्हटलं, "बाळ झाल्यावर अंगाला वास आला तर धुवत बसू नकोस. दवाखान्यात जाऊन मोठ्याने सांग. लाज वाटली तरी सांग."

ती दारातून निघून गेली. तिने ऐकलं की वेड्या बाईपासून पळाली, मला माहीत नाही.

मला वाटलं होतं, आता बाई मला शिव्या घालतील, मारतील. त्या कपाटासमोर खाली बसल्या. एक बाटली घेतली, हुंगली, बाजूला ठेवली. दुसरी घेतली. मग बादली ओढली आणि एकेक बाटली त्यात रिकामी करायला लागल्या. पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडत होता आणि त्या रडत होत्या. सगळं औषध मेलं होतं. त्यांच्याच नियमाने मेलं होतं, आणि तो नियम त्यांनी माझ्यासमोरसुद्धा मोडला नाही. तेव्हा मला कळलं की या बाईने कोणाला फसवलं नव्हतं, आणि त्याने मला जराही बरं वाटलं नाही.

आवाज ऐकून मेहुणा आतून आला, बाळाला खांद्यावर घेऊन. त्याने आईकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. मला वाटलं हाकलून देईल. पण दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, त्याच्यात हाकलायचंही बळ नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. धुताना धाकटी आठवली, याच नळाखाली. मग बाहेर येऊन हात पुढे केले, आणि त्याने पोरीला माझ्या हातात दिलं. मला दारातल्या स्टुलावर बसवल्यापासून पहिल्यांदाच.

मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं. सवयीने जोरात श्वास घेतला. काही नाही. कोमट दूध नाही, नवा कापूस नाही, ज्याला नाव सापडायचं होतं तेही नाही.

मी पोरीचं डोकं मेहुण्याच्या तोंडाजवळ धरलं. "सांग ना," मी म्हटलं, "कसला वास येतोय हिला?"

तो वाकला. बराच वेळ हुंगत राहिला.

"बामाचा," तो म्हणाला.